कापणीच्या सणाचा लिलाव

आमच्या इंदूरच्या चर्चच्या मंडळीत ख्रिसमसपेक्षा आम्हा पोरांना कापणीच्या सणाचं वेड जास्त, कारण ख्रिसमसला नवे कपडे मिळायचे पण लिलाव फक्त कापणीच्या सणाला. माळव्यात सोयाबीन निघालं की दिवाळीच्या मागेपुढे एक रविवार ठरायचा. महूकडच्या खेड्यांतून येणारे लोक सोयाबीन, मका, बटाटे आणायचे, आणि शहरातल्या नोकरदारांची कसली आलीये शेती, ते सकाळी मंडीतून भाजी उचलून तीच 'पहिलं पीक' म्हणून वेदीपुढे ठेवायचे. अंडी, लोणच्याच्या बरण्या, केक, आणि पायाला सुतळी बांधलेली एक कोंबडी, जी नेमकी पाळकसाहेब डोळे मिटून प्रार्थना करत असतानाच बोलायची.

गाणी पेटी-तबल्यावर. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे मराठी चर्चला अभंगाच्या वळणाची इतकी गाणी दिली की बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत भजनी मंडळ बसलंय.

उपासना संपली की अंगणात या आणलेल्या वस्तूंचा लिलाव, पैसे चर्चला. बोली लावणारे काका घरी शुद्ध मराठी बोलणारे, पण टेबलावर चढले की 'सौ एक, सौ दो' सुरू! मंडीत दहा-पंधराला मिळणारा भोपळा पाचशेला जायचा, आणि घेणारा म्हणायचा, परत लावा. मग तोच भोपळा पुन्हा दोनशेला, पुन्हा तीनशेला, असा फिरत राहायचा आणि घरी कोणीच न्यायचं नाही. दुसऱ्याला हरवायची खुमखुमीही असायची म्हणा, सगळी काही भक्ती नव्हती.

पण धान्याची काही पोती लिलावात लावायचीच नाहीत हा महिला मंडळाचा हट्ट. खजिनदार दरवर्षी कुरकुरायचे, आणि आमच्या मावशी दरवर्षी बायबलमधलं लेवीय 23:22 ऐकवायच्या, शेताच्या कडेचं पीक कापू नका, सरवा, म्हणजे कापणीत खाली राहिलेलं धान्य, वेचू नका, तो गरिबाचा आणि परक्याचा. ती पोती चर्चच्या मागच्या वस्तीत जायची, आणि कोण कुठल्या धर्माचा हे कोणी विचारायचं नाही. सरव्यावर जगलेली बायबलमधली रूथ स्वतः मवाब देशाची, परकीच होती, हे मावशी त्याच दमात सांगून मोकळ्या!

आता बायबलच्या मलाखी 3:10 वर जोरजोरात उपदेश ऐकू येतात, दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, द्या, देव आकाशकपाटं उघडेल, जणू काही एफडीच काढतोय. मला ते पटत नाही. त्याच वचनात आधी 'माझ्या मंदिरात अन्न असावे' असं आहे, आणि बायबलच्याच 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या 14व्या अध्यायात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरी, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून वेशीच्या आत साठवायला सांगितलाय. म्हणजे रेलचेल व्हायची ती सगळ्यांच्या पानात, एकट्याच्या खात्यात नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, त्या पोत्यांवरून कळलं.

लिलावानंतर प्रेमभोजन, मटण-भात आणि शाकाहारींसाठी बटाट्याचा रस्सा, पंगतीत साहेब आणि शिपाई एकाच सतरंजीवर. आणि पुढच्या रविवारी खजिनदार हिशोब वाचायचे, जमा रक्कम एका दमात, मग चष्मा पुसून 'बोली लावली पण पैसे अजून आले नाहीत' अशांची यादी. त्यात सर्वांत वर स्वतः बोली लावणारे काका!