जुन्या घरात ऑफिस: सामान हलवण्याआधीच्या नोंदी

सोमवार
रंग झाला, फरशी घासली, दारं पॉलिश झाली की घर तयार झालं असं वाटतं. ऑफिससाठी ते तेवढ्याने तयार होत नाही. घर बांधलं गेलं ते हिंडत्याफिरत्या माणसांच्या हिशेबाने. ऑफिसात मात्र वजन वर्षानुवर्षं एकाच जागी बसून राहतं, आणि सकाळी दहाला सगळे प्लग एकदम वीज ओढायला लागतात.

आधी वजन. ८० जीएसएमच्या ए४ कागदाचं ५०० पानी रिम अडीच किलोचं. चार खणांचं लोखंडी कपाट फायलींनी गच्च भरलं की सहज दीडशे किलोच्या पुढे जातं, आणि त्याचा तळ अर्धा चौरस मीटरसुद्धा नसतो. राहत्या घराची जमीन आजच्या हिशेबाने चौरस मीटरला सुमारे २०० किलो धरतात. जुन्या लाकडी मजल्यावर तेवढाही भरवसा ठेवू नये. कपाटं तळमजल्यावरच बरी. वर न्यायचीच तर भिंतीलगत आणि तुळयांना आडवी, म्हणजे भार दोन-तीन तुळयांवर वाटला जातो. त्याआधी तुळईचं टोक जिथे भिंतीत शिरतं तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा. टणक लागलं तर ठीक. टोक सहज आत रुतलं तर कूज किंवा वाळवी, मग वरचा रंग कितीही ताजा असो.

मंगळवार
वायरिंग. नवे स्विचबोर्ड बघून फसू नये, मागे जुनीच वायर असू शकते. तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थिंग खरंच आलंय का, हे इलेक्ट्रिशियनकडून मल्टिमीटर लावून बघून घ्यायचं: फेज-न्यूट्रल सुमारे २३०, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थचा आकडा अधांतरी हलत राहिला तर तिसरी पिन शोभेची आहे.

दिव्यांना १.५ चौरस मिमी जाडीची वायर, १६ अँपिअरच्या सॉकेटना २.५, एसीला ४ आणि प्रत्येक एसीला स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). लेझर प्रिंटर तापताना क्षणभर हजार वॉटच्या आसपास ओढतो. तो यूपीएसवर कधीही लावायचा नाही.

एक तक्रार हमखास येते: ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट अर्थिंगकडे गळला की वीज तोडणारा, शॉकपासून वाचवणारा स्विच) काहीच बिघाड नसताना पडते. कारण असं की प्रत्येक कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून थोडा करंट अर्थिंगमध्ये झिरपतच असतो. दहा-बारा मशिन एकाच आरसीसीबीवर आली की तो साठतो, त्यात भिंतीची ओल भर घालते. उपाय म्हणजे सर्किट दोन-तीन आरसीसीबींमध्ये वाटणं. ती काढून टाकणं हा उपाय नव्हे, कोणी कितीही आग्रह केला तरी.

बुधवार
दीड फुटी भिंतीपलीकडे वायफाय लंगडतं, ५ गिगाहर्ट्झचं तर फारच. प्रत्येक टेबलापर्यंत कॅट-६ म्हणजे नेटची केबल ओढावी, दर खोलीला एक अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा डबा, द्यावा. नेटची केबल विजेच्या वायरबरोबर एकाच पाइपात नको. ओलांडायचीच तर काटकोनात. हे रंगाआधी व्हायला हवं होतं. आता निदान भिंतीच्या कडेने केसिंग-पट्टी मारून घ्यावी. कुरूप दिसते, पण उघडता येते.

गुरुवार
चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढवला असेल तर ओल आत कोंडते आणि रंगावर पांढरा लोणा फुटतो. अशा भिंतीला कपाट चिकटवू नये, चार इंच जागा सोडावी. मागची हवा कोंडली की फायलींना बुरशी.

शनिवार
टेबलं नेण्याआधी दाराची नव्हे, चौकटीच्या दोन्ही बाजूंमधली मोकळी जागा मोजायची. जिन्याच्या वळणावर लांबीच्या जोडीला उंचीही अडवते. बहुतेक टेबलं पाय काढूनच वर जातात. स्क्रू पिशवीत घालून त्याच टेबलाला चिकटवायचे. फायलींचे खोके लहानच, १५ किलोच्या आत. वायरी काढण्याआधी प्रत्येक मशिनच्या पाठीमागचा फोटो. बॅकअप घेतला एवढ्यावर थांबू नये, त्यातली एक फाइल दुसऱ्या मशिनवर उघडून बघावी.

सोमवार, पहिला दिवस
सगळं एकदम चालू करायचं. अर्ध्या तासाने मेन बोर्डाच्या बंद झाकणावरून हाताची पाठ फिरवायची. एखादी जागा कोमट लागली तर आतला स्क्रू सैल असण्याची शक्यता मोठी. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून तो त्याच दिवशी कसून घ्यायचा.