छत्तीस जीबीच्या डेटासाठी नऊ नोड: मंजुरी मिळवतानाचा माझा अनुभव

आमच्या बस बुकिंगच्या ॲपमध्ये कुठल्या गाडीत किती सीट शिल्लक आहेत, हे रेडिसमधून (सगळा डेटा मेमरीत ठेवणारा वेगवान डेटाबेस) वाचलं जातं. गणपतीसाठी कोकणातल्या गाड्यांचं बुकिंग उघडलं की लोक मिनिटामिनिटाला तेच पान उघडून बघतात. म्हणून ॲमेझॉनच्या इलास्टिकॅशवर (भाड्याने चालवून मिळणारं रेडिस), मुंबई रीजनमध्ये, रीड रेप्लिका (वाचनासाठी डेटाची प्रत ठेवणारे नोड) असलेला नवा क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणाऱ्या नोडचा (मशीनचा) गट, हवा होता. तो उभा करायला फारसा वेळ लागला नाही. घोडं अडलं आमच्याच कंपनीच्या खर्च-मंजुरी समितीकडे, आणि त्याचा राग अजूनही गेलेला नाही.

समितीच्या फॉर्ममध्ये मेमरीसाठी दोनच रकाने: डेटा किती आणि मागणी किती. मी भरलं ३६ जीबी आणि २३७ जीबी. फॉर्म परत आला. शेरा होता, 'मागणी गरजेच्या साडेसहापट. दोन शार्ड आणि प्रत्येकी एक रेप्लिका पुरेशी आहे.' (शार्ड म्हणजे डेटाचा एक हिस्सा; त्याची मूळ प्रत ठेवणारा आणि लेखन घेणारा नोड म्हणजे प्रायमरी.)

२३७ कुठून आले ते सांगतो, कारण हे गणित कुणालाही लागेल. आर६जी एक्सलार्ज नोडला साधारण २६.३ जीबी मेमरी मिळते. त्यातली २५ टक्के इलास्टिकॅश मुळातच राखून ठेवतं आणि ती राखायलाच हवी. बॅकअप घेताना किंवा नवी रेप्लिका जोडताना प्रायमरीची प्रक्रिया फोर्क होते, म्हणजे तिची दुसरी प्रत चालू होते, आणि त्याच वेळी लेखन जोरात चालू असेल तर मेमरीतल्या बदललेल्या तुकड्यांची (पेजेसची) दुसरी प्रत मेमरीत तयार होत जाते. राखीव जागा गेली की डेटाला उरतात सुमारे १९.७ जीबी. दोन शार्डमध्ये ३६ जीबी बसवले तर प्रत्येक शार्ड पहिल्याच दिवशी ९१ टक्के भरलेला. तीन केले तर ६१ टक्के, म्हणजे हंगामात वाढायला जागा. प्रत्येक शार्डला एक प्रायमरी आणि दोन रेप्लिका, रीजनमधल्या तीन झोनमध्ये (एकमेकांपासून वेगळ्या डेटासेंटरमध्ये) एकेक. झाले नऊ नोड.

रेप्लिका वाढवल्याने क्षमता वाढत नाही, प्रत्येकीकडे शार्डची पूर्ण प्रतच असते. हे मी तीनदा वेगवेगळ्या शब्दांत लिहून पाठवलं. तरी दर वेळी कुणीतरी सगळ्या नोडची बेरीज करून ३६ शी तुलना करायचं. मग नवा आक्षेप आला: 'जुन्या नोडचा सीपीयू २८ टक्क्यांवर आहे, म्हणजे मशीन रिकामी पडली आहेत.' इथे माझा संयम खरंच संपत आला. चार कोअरच्या मशीनवर रेडिस आपल्या कमांड एकाच थ्रेडवर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर, चालवतं. तो थ्रेड पूर्ण दमला तरी एकूण सीपीयूचा आलेख निवांत दिसतो. बघायचा असतो तो 'इंजिन सीपीयू युटिलायझेशन', म्हणजे त्या थ्रेडवरचा भार. आमच्याकडे संध्याकाळच्या गर्दीत तो नव्वदीच्या वर होता.

शेवटी वाद घालणं सोडलं. समितीने सुचवला होता तसाच, दोन शार्ड आणि एकेक रेप्लिकाचा क्लस्टर चाचणीसाठी उभा केला, गर्दीच्या वेळेचा ट्रॅफिक त्यावर पुन्हा सोडला आणि मुद्दाम फेलओव्हर घडवला, म्हणजे एका शार्डची प्रायमरी बंद पाडली. रेप्लिका प्रायमरी झाली. त्या शार्डचं सगळं वाचन, सगळं लेखन आणि परत येणाऱ्या नोडला पूर्ण डेटा पाठवण्याचं काम एकाच नोडवर आलं. इंजिन सीपीयूची रेघ वर जाऊन चिकटली, इव्हिक्शन (जागा संपल्यावर डेटा काढून टाकणं) सुरू झाले, आणि सीटचं पान लोड व्हायला लोकांनी ॲप बंद करावं इतका वेळ लागू लागला. तो आलेख फॉर्मला जोडला आणि मंजुरी आली. माझं गणित बरोबर होतं, याचा मला आनंद झाला आणि अभिमानही वाटला.

फॉर्म भरण्याआधी एक करा: डेटाचा आकार मूळ डेटाबेसवरून काढू नका. रेडिसमध्ये प्रत्येक कीमागे (ज्या नावाने नोंद साठवतो ती) जास्तीची मेमरी जाते. रेडिसची 'इन्फो मेमरी' ही कमांड चालवा आणि गर्दीच्या वेळेचा आकडा घ्या.

रेप्लिका घेतल्या म्हणजे वाचन आपोआप तिकडे जातं असंही नाही. आम्ही जावाचं लेट्युस (ॲपमधून रेडिसशी बोलणारी लायब्ररी) वापरतो, ते मुळात प्रायमरीवरूनच वाचतं. 'रीड फ्रॉम'चं सेटिंग बदललं नाही तर सहा रेप्लिकांचं भाडं भरून त्या नुसत्या बसून राहतील. मात्र सीट धरून ठेवण्याची तपासणी प्रायमरीवरच ठेवा. रेप्लिकेशन असिंक्रोनस असतं, म्हणजे बदल रेप्लिकांवर थोडा उशिरा पोचतो, आणि क्षणभर जुनी माहिती मिळाली तर एकच सीट दोघांना रिकामी दिसते. शिल्लक सीटचा नुसता आकडा दाखवायला रेप्लिका उत्तम.

दोनच्या ऐवजी तीन रेप्लिका घ्याव्यात का, हे तुमच्या गरम कीवर (जिच्यावर सगळ्यात जास्त वाचन होतं) ठरवा. क्लस्टरमध्ये १६,३८४ स्लॉट (की वाटून ठेवायचे कप्पे) असतात आणि एक की एकाच स्लॉटमध्ये, म्हणून एकाच शार्डवर राहते. मुंबई–सावंतवाडीच्या एका तारखेवर सगळे तुटून पडले तर शार्ड वाढवून उपयोग नाही, तिथे रेप्लिकाच कामाला येतात.

आणि वर्षाचा किंवा तीन वर्षांचा रिझर्व्ह करार लगेच करू नका. एक हंगाम ऑन-डिमांडवर (करार न करता, वापराप्रमाणे भाडं) काढा, नोडचा आकार पक्का होऊ द्या, मगच सही करा.