खताच्या पिशवीतले कागद

"माझ्या हाताचं त्यात काय लिहिलंय, वाच बरं लेकरा."

माजी जवान असलेले बप्पा असं म्हणले आणि मला काही बोलायलाच सुधरंना. पत्र्याच्या पेटीतून खताच्या पिशवीत गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक, म्हंजी फौजेतून सुटताना मिळालेलं पुस्तक, काढलं होतं त्यांनी, १९७१ च्या लढाईनंतरचं, पानं सुटायलीत, डांबरगोळीचा वास. मी आपला पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि मेडिकल बोर्डाच्या कागदाचे फोटो काढायला गेलतो, फौजी पेन्शनच्या स्पर्श पोर्टलवरचं नाव आधारशी जुळंना म्हणून. पण सगळं इंग्रजीत, आजपर्यंत कुणी वाचूनच दाखवलं नव्हतं त्यांना!

वाचलं. डाव्या हाताला गोळी, अपंगत्व ४० टक्के.

त्यांनी हात पालथा-उताणा करून बघितला, दोन बोटं वळतच नाहीत. म्हणले, "चाळीसच?"

जखमेमुळं नोकरीतून काढलेल्या जवानाचं ५० च्या आतलं अपंगत्व पेन्शनला ५० धरतात, हे पन्नास वर्षांनी मी सांगायलो त्यांना. लई चीड आली राव, जीव तुटला.

रविवारी आष्टी-पाटोद्याकडं अजून दोन घरी जायचंय. तुमच्या गावात असं कुणी असेल तर शेजारी बसून त्यांची पेटी एकदा उघडून बघाल का?