मुंबईत राहायला जायचे असेल, तर घर जुलैत बघावे

माझ्या भाचीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षातच मुंबईत नोकरी ठरली. रुजू व्हायचे होते ऑगस्टमध्ये, पण जानेवारीतच ती मैत्रिणीबरोबर जाऊन वर्सोव्याला एक घर बघून आली. सहावा मजला, पश्चिमेला गॅलरी आणि गॅलरीतून समुद्र. नाशिकला त्या आठवड्यात सकाळी नळाच्या पाण्याला हात लावावासा वाटत नव्हता, आणि तिकडे स्वच्छ ऊन होते, अंगावर स्वेटर नको होता. परत आल्यावर ती म्हणाली, "मावशी, टोकन देऊनच टाकते. असे घर पुन्हा मिळणार नाही." मी तिला थांबवले, आणि जुलैत मी स्वतः तुझ्याबरोबर येते, असे सांगितले. ती थोडी हिरमुसली, पण थांबली.

मी अकरा वर्षे मुंबईत काढली आहेत. आमचे पहिले घर कुर्ल्याला तळमजल्यावर होते. ते आम्ही फेब्रुवारीत पाहिले, नव्याने रंगवलेल्या भिंती पाहून खूश झालो आणि त्याच दिवशी डिपॉझिटचा धनादेश दिला. जुलै लागला तशी त्या रंगाखालून ओल वर येऊ लागली. माझी लग्नातली येवल्याची पैठणी ज्या कपाटात होती, ते कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटून उभे होते. गणपतीच्या आधी पैठणी काढली, तेव्हा घडीच्या रेघेवर पांढरट बुरशी धरली होती आणि पदरावरच्या मोरांची जर काळपट पडली होती. मऊ कापडाने बुरशी पुसली, सावलीत वारा दिला, पण त्या घडीवर रेशीम विरले ते विरलेच. घरमालकांना ती भिंत दर पावसाळ्यात पाझरते हे ठाऊक होते. आम्ही विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

नाशिकहून जाणाऱ्या माणसाची पहिली गफलत होते ती तापमानाच्या आकड्यात. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, हवा कोरडी आहे, आणि मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकला तरी रात्री गच्चीवर झोप लागते. मुंबईत मे महिन्याचे कमाल तापमान साधारण ३३-३४ अंशांच्या आसपास असते, म्हणून तिथला उन्हाळा सोपा असेल असे वाटते. प्रत्यक्षात हवेत बाष्प इतके असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळल्याशिवाय शरीर थंड होत नाही. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे तिथे रोजच्या जगण्यातला विषय होतात. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुटला की जीव हलका होतो. मार्च महिन्यात जमिनीवरच्या वाऱ्यांमुळे तो उशिरा पोहोचला, तर त्या दिवशी शहर मे महिन्यापेक्षाही जास्त तापते. म्हणून घरात हवा आरपार खेळते की नाही, समोरासमोर खिडक्या आहेत की नाहीत, हे मी समुद्र दिसण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाचे मानते.

ज्या वाऱ्यासाठी पश्चिमेची गॅलरी हवीशी वाटते, तोच वारा जून ते सप्टेंबर पाऊस आडवा आणून त्याच भिंतीवर आपटतो आणि वर्षभर मीठ आणतो. गॅसच्या शेगडीचे पाय, फ्रिजची मागची जाळी, एसीचे बाहेरचे युनिट, दुचाकीचा सायलेन्सर, सगळे नाशिकपेक्षा लवकर गंजते. ही झाली वस्तूंची गोष्ट, त्या बदलता येतात. काळजीचे असते ते इमारतीचे. खारी ओल काँक्रीटमधून आतल्या लोखंडी सळ्यांपर्यंत पोहोचली की सळ्या गंजतात, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट तडकून सुटते. म्हणून फ्लॅट बघण्याआधी पार्किंगमध्ये उभे राहून खांब आणि तुळया बघाव्यात. तपकिरी ओघळ, उभ्या भेगा, गॅलरीच्या छतातून डोकावणारी सळई, यांपैकी काहीही दिसले तर सोसायटीच्या सचिवांकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचे दर तीन वर्षांनी असे परीक्षण व्हायला हवे. भाडेकरूने हे कशाला विचारायचे, असे मला काहींनी म्हटले आहे. छत भाडेकरूच्याही डोक्यावर असते.

जुलैच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी सातच्या सुमारास आम्ही नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने निघालो. इगतपुरीपर्यंत खिडकीतून गार वारा येत होता. थळ घाट उतरून गाडी खाली आली तशी तीच हवा जड झाली आणि हाताखालचे वर्तमानपत्र मऊ पडले. वर्सोव्याच्या त्या इमारतीतले सहाव्या मजल्याचे घर तोवर गेले होते, पण चौथ्या मजल्यावरचे, त्याच बाजूचे, तशाच गॅलरीचे घर रिकामे होते. सरकत्या दाराच्या उंबऱ्याशी कुणीतरी जुना टॉवेल पिळा घालून ठेवला होता आणि तो ओला होता. ॲल्युमिनियमच्या चौकटीवर पांढरी भुकटी जमली होती, खिडकीची कडी गंजून घट्ट बसली होती. झोपायच्या खोलीत मी भिंतीला तळवा लावला. तळवा ओला झाला आणि रंगाचे पापुद्रे हाताला चिकटून आले. भाचीने काही न बोलता माझ्या हाताकडे पाहिले. शेजारच्या काकू दारात आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "जूनपासून आम्ही गॅलरीचं दार उघडलेलंच नाही हो." तिथे आणखी काही विचारण्याची गरज उरली नाही.

घराच्या आतली ओल एक, आणि रस्त्यावरचे पाणी दुसरे. मुंबईचे पावसाळी नाले समुद्रात आणि खाड्यांत उघडतात. मोठ्या भरतीला समुद्राची पातळी नाल्यांच्या तोंडाच्या वर जाते आणि तेव्हाच मुसळधार पाऊस असेल, तर पाण्याला जायला वाट राहत नाही. हाजी अली, इर्ला येथे पाणी उपसून समुद्रात टाकणारी उदंचन केंद्रे याचसाठी उभारली आहेत. साडेचार मीटरपेक्षा उंच भरतीचे दिवस पावसाळ्याआधीच जाहीर होतात आणि जुने मुंबईकर ती यादी पंचांगासारखी जपतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. नाशिक शहरात अख्ख्या पावसाळ्यात साधारणपणे एवढा पडत नाही. घर बघताना दलालाला "इथे पाणी भरते का?" असे विचारण्यात अर्थ नाही. गल्लीतल्या जुन्या किराणा दुकानदाराला किंवा रात्रपाळीच्या वॉचमनला विचारावे, आणि प्रश्न नेमका असावा: २००५ ला पाणी कुठपर्यंत आले होते, आणि गेल्या वर्षी कुठपर्यंत आले?

प्रवासाचा हिशेब किलोमीटरमध्ये करायची सवय नाशिककरांनी सोडावी. गंगापूर रोडवरून नाशिकरोडला जायचे म्हटले तर आपण गाडी काढतो आणि निघतो. मुंबईत अंतर मोजतात ते स्टेशनपासून, आणि कोणत्या मार्गावरचे स्टेशन, यावर. पश्चिम, मध्य की हार्बर, हे ऑफिसच्या जागेवरून आधी ठरवावे आणि मग घर शोधावे, कारण मार्ग बदलण्यासाठी दादरच्या पुलावर गर्दीच्या वेळी घालवलेली मिनिटे महिनाअखेरीस अंगावर येतात. भाचीचे ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. वर्सोव्याहून तिला मेट्रो स्टेशनपर्यंत रिक्षा, पुढे घाटकोपरकडे जाणारी मेट्रो, मरोळ नाक्याला उतरून भुयारी मेट्रो, असे तीन टप्पे पडले असते, आणि त्यातली रिक्षा पावसात मिळेलच असे नसते. वांद्रे आणि शीव यांच्या दक्षिणेला तर रिक्षा चालतच नाहीत, हे आपल्याकडच्या अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते. बघायला गेलात, तर घरापासून ऑफिसपर्यंत कामाच्या दिवशी सकाळी साडेआठला एकदा प्रत्यक्ष जाऊन यावे. आम्ही त्यासाठी सोमवारपर्यंत नातेवाइकांकडे मुक्काम केला.

कराराबद्दल थोडक्यात, पण अगदी आग्रहाने सांगते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तशी नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणून "नोटरी केले की पुरे" असे कुणी म्हणाले तर मान डोलवू नये. ओल आल्यास दुरुस्ती कुणी करायची, हे वाक्य करारात शब्दांनी लिहून घ्यावे. कुर्ल्याच्या आमच्या करारात ते नव्हते आणि डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे आमचेच कापले गेले.

पाणी किती वाजता येते आणि किती वेळ येते, तेही विचारावे. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांपैकी ऊर्ध्व वैतरणा आपल्या इगतपुरी तालुक्यात आहे, आणि वैतरणा उगम पावते ती त्र्यंबकेश्वरच्या परिसरात. मला तिथे राहत असताना या गोष्टीचे फार बरे वाटायचे. आपल्या डोंगरांत पाऊस लांबला की तिथल्या नळाला कपात लागते, म्हणून मी जूनअखेरीस इकडच्या पावसाची बातमी आधी वाचायची.

शेवटी घर मिळाले ते मरोळला, मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, तिसऱ्या मजल्यावर. समुद्र दिसत नाही. खिडक्या पूर्वेला आणि पश्चिमेला आहेत, पश्चिमेच्या खिडकीवर रुंद छज्जा आहे आणि भर पावसात भिंत हाताला कोरडी लागली. मिठी नदी तिथून फार लांब नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानदाराला मी दोन वेळा विचारले. २००५ ला पाणी खालच्या चौकापर्यंत आले, या चढाच्या गल्लीत शिरले नाही, असे त्याने शटरकडे हात करून सांगितले. कराराची नोंदणी गेल्या गुरुवारी झाली आणि परवा ती निघते आहे. गोधड्यांपैकी एकच बरोबर घेते आहे, डाळी-मसाल्यांसाठी घट्ट झाकणाचे डबे घेतले आहेत. काल तिने खोलीचा नकाशा काढून मला फोनवर पाठवला. त्यात कपाट हॉलकडच्या आतल्या भिंतीला आहे, आणि तरीही मध्ये दोन बोटांची जागा सोडलेली दाखवली आहे.