भेगेतला काळा पट्टा

अंधेरी एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात विमानातून काढलेल्या फोटोंवरून नकाशे बनतात. बहुतेकांना शहरांचं काम असतं, बिल्डिंगा, रस्ते, ड्रेनेज. माझ्याकडे ग्रीनलंडचा पूर्व किनारा आला. डॅनिश लोकांनी १९७८ ते १९८७ मध्ये विमानातून काढलेले १:१,५०,००० स्केलचे फिल्मवरचे फोटो, स्कॅन केलेले. स्टिरिओ गॉगल लावायचा, की एकाच जागेचे लागोपाठचे दोन फोटो मिळून उंचसखल दिसतात, थ्रीडी माऊस धरायचा आणि बर्फ संपून पाणी लागतं तिथे फ्लोटिंग मार्क, म्हणजे त्या चित्रात वरखाली होणारा ठिपका, टेकवत टेकवत लाईन मारत जायचं.

बाहेरच्यांना सांगून पटत नाही, पण तिथे समुद्रसुद्धा सपाट दिसत नाही. दोन फोटोंमध्ये मिनिटभर जातं आणि तेवढ्यात सुटे हिमखंड सरकतात. विमानाच्या दिशेने सरकला तर पाण्याखाली बुडाल्यासारखा दिसतो, उलट सरकला तर हवेत तरंगतो, आणि आडवा सरकला तर दोन चित्रं जुळतच नाहीत, नुसते डोळे ओढले जातात. इथे बेस-हाइट रेशो (दोन फोटोंच्या जागांमधलं अंतर भागिले विमानाची उंची) एकच्या आसपास, म्हणजे वीस मीटर सरकला की साधारण वीस मीटर खोटी उंची. सॉफ्टवेअरचं ऑटो-मॅचिंग ती खरी धरून चालतं, म्हणून हे काम अजून माणसाच्या डोळ्याचंच आहे, सेल्सवाले काही का सांगेनात.

त्या दिवशी एका हिमनदीच्या तोंडाशी भलामोठा तुकडा दिसला, पाचेकशे मीटर रुंद, मागे भेग. तुकडा हललेला नव्हता, उंची मागच्या बर्फाएवढीच. मग हा हिमनदीचा भाग की सुटलेला? मी मार्क भेगेत उतरवला. दोन्ही टोकांना तो थेट समुद्राच्या लेव्हलला टेकला, म्हणजे तिथे तरी तुकडा सुटलेला, खालचा बर्फाचा चुरासुद्धा स्वच्छ दिसत होता. मधे मात्र सावली, फिल्मवर काळा पट्टा, कॉन्ट्रास्ट कितीही ओढला तरी काही नाही.

लीड सर म्हणाले, "अगं, तुकड्याच्या बाहेरून घे लाईन, स्पेकमध्ये एकच सलग रेषा आहे, आज ब्लॉक द्यायचाय." सर वाईट नाहीत, पण त्यांना स्क्वेअर किलोमीटरच दिसतात. मला राग आला तो स्पेकचा, म्हणजे कामाच्या लेखी नियमांचा. रेषेला 'शंका' असा कोड का नाही? हिमनदी किती मागे गेली याची पुढची सगळी मोजणी हिच्यापासून होणार. याच किनाऱ्यावरची हेलहाइम हिमनदी २००१ ते २००५ मध्ये ७ किलोमीटरहून जास्त मागे गेली, तिथे पाचशे मीटर खपतीलही, पण हळू मागे जाणाऱ्या हिमनदीत कदाचित तेवढंच तर मोजायचं असतं.

मी लाईन भेगेतून घेतली, तुकड्याचा वेगळा पॉलिगॉन केला, सरांना दोन्ही टोकांचा झेड, म्हणजे उंचीचा आकडा, दाखवला, त्यांनी बघून तपासणीच्या क्यूसी शीटवर सही केली. रिमार्कमध्ये लिहिलं, मधला भाग सावलीत, उंची मोजता आली नाही. ब्लॉक पास होऊन आला, रिमार्कबद्दल एक अक्षर नाही.

पण मधे कुठेतरी तो जोडलेला असला तर? मग खरं तोंड पाचशे मीटर पुढे होतं. बाजूच्या स्ट्रिपचे, म्हणजे विमानाच्या शेजारच्या फेरीचे, फोटो मागवलेत, ते दिवसाच्या दुसऱ्या वेळी काढलेले असले तर त्या पट्ट्यात कदाचित ऊन पडलेलं सापडेल.