लिहिता येतं, मग वाचता का येत नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि या वेळी सगळं सांगतो. पक्षाघातातून उठल्यापासून हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, जुन्या सहकाऱ्यांनी विचारला, दोन डॉक्टरांनीसुद्धा विचारला. आजवर मी "मेंदूचा प्रॉब्लेम आहे" एवढंच म्हणून विषय बदलत आलो. ऐकणाऱ्याचं समाधान कधी झालं नाही, आणि माझंही नाही.

आधी डोळ्यांचं, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. डोळे ठणठणीत आहेत. नंबर बदलून काही होणार नाही, टाइप मोठा करूनही नाही. अक्षर मला स्वच्छ दिसतं, त्याचा काना दिसतो, वेलांटी दिसते. शब्द उमटत नाही.

डाव्या मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणारी धमनी बंद पडली. दोन्ही डोळ्यांना उजवीकडचं जे दिसतं ते त्या भागात पोचतं, त्यामुळे कुठलाही डोळा झाकला तरी उजवीकडचं अर्धं दृश्य मला नाहीच. डावीकडचं दिसतं, पण ते पोचतं उजव्या मेंदूत. भाषा मात्र बहुतेकांची डावीकडे असते. तिथे जायला दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्याचं मागचं टोक ओलांडावं लागतं. तेही बरंचसं त्याच धमनीवर जगतं, आणि माझ्या बाबतीत तो पूलही खचला. भाषा शाबूत, भाषेकडून हाताकडे जाणारी वाट शाबूत, म्हणून लिहिता येतं. पाहिलेलं अक्षर भाषेपर्यंत जात नाही, म्हणून वाचता येत नाही. यात मला तरी काही विसंगत दिसत नाही.

ज्यांना विसंगत दिसतं, त्यांना अपंगत्वाच्या दाखल्यासाठी झालेल्या तपासणीबद्दल सांगायला हवं.

टेबलापलीकडच्या गृहस्थांनी कागद पुढे सरकवला. "नाव लिहा." लिहिलं. "पत्ता लिहा." तोही लिहिला, सवयीच्या भराभर हातानं. आयुष्यभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या आहेत, हात थांबत नाही. मग त्यांनी कागद उचलून माझ्यासमोर धरला. "आता वाचा." पहिली ओळ माझं नाव आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून दाखवता आलं असतं. पण ते वाचणं नव्हतं, आठवणं होतं, आणि तपासणीत खोटं बोलायचं नाही असं मी ठरवून गेलो होतो. "येत नाही," म्हणालो. "आत्ता तुम्हीच लिहिलंत ना?" "हो." "मग?"

त्यांनी अर्जाच्या कोपऱ्यातल्या तारखेवर बोट ठेवलं. मी वाचली. खालची रक्कम दाखवली. तीही वाचली. ते शेजाऱ्याकडे वळून म्हणाले, "आकडे येतात, अक्षरं येत नाहीत म्हणे."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की झूल देजरीन या फ्रेंच डॉक्टरांनी १८९२ साली नेमका असाच रुग्ण नोंदवून ठेवला आहे. त्याला लिहिता यायचं, स्वतःचं लिहिलेलं वाचता यायचं नाही, आणि आकडे मात्र वाचता यायचे. पुढे दुसऱ्या झटक्यात त्याचं लिहिणंही गेलं. मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा जुनी इजा डावीकडे मागच्या बाजूला आणि त्या जोडपट्ट्याच्या टोकाला सापडली. पण यातलं काहीच मला त्या खुर्चीत बोलता आलं नाही.

"प्रयत्न तर करा," ते म्हणाले. मी केला. उपचारात शिकवलं होतं तसं टेबलाखाली मांडीवर बोटानं अक्षर गिरवलं. डोळ्यांनी जे कळत नाही ते बोटाच्या हालचालीतून भाषेपर्यंत पोचतं, कारण ती वाट वेगळी आहे. एकेक अक्षर गिरवत पत्त्यातला एक शब्द जुळवला आणि मोठ्यानं म्हटला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "बघा, आलं की!"

दाखला मिळाला नाही, त्याचं एवढं नाही. घरी आल्यावर बायकोनं दार लावलं आणि हळूच विचारलं, "खरं सांगा हं, थोडं थोडं येतं का तुम्हाला?"

तिचा राग नाही येत आता. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'हो' आहे, आणि तेच मला कुणाला सांगायचं नव्हतं. १९८९ साली कॉस्लेट आणि सॅफ्रन यांनी माझ्यासारख्या रुग्णांना क्षणभरच शब्द दाखवले, अक्षरं जुळवायलाही वेळ मिळू नये इतका कमी. रुग्ण म्हणाले, वाचता आला नाही. पण तो शब्द प्राण्याचा आहे का, असल्या प्रश्नांची त्यांची उत्तरं नुसत्या अंदाजापेक्षा बरीच जास्त बरोबर आली. उजवा मेंदू आपल्या परीनं काहीतरी ओळखतो, असं त्या दोघांचं म्हणणं. मलाही असं होतं. पाटीवर काय लिहिलंय सांगता येत नाही, पण ती धोक्याची आहे असं वाटतं, आणि बहुधा ती असते. मग 'मला वाचता येत नाही' हे वाक्य कितपत खरं?

वाचन म्हणजे एक अखंड गोष्ट असं सगळे धरून चालतात, मीही चालायचो. सराईत वाचकाला छोटा शब्द एका नजरेत कळतो. तीन अक्षरं असोत की पाच, वेळ साधारण तेवढाच. मला प्रत्येक अक्षरागणिक जास्त वेळ लागतो. सराईत डोळा एका जागी साधारण पाव सेकंद टिकतो आणि तेवढ्यात पुढचंही टिपून घेतो. इंग्रजी वाचणाऱ्यांवरच्या प्रयोगांत ही टिपण उजवीकडे चौदा-पंधरा अक्षरांपर्यंत जाते. माझी नेमकी उजवी बाजूच गेली. शिवाय शब्दाचं रूप ओळखण्यात पटाईत झालेली डाव्या मेंदूच्या तळाकडची जागा, जी २००० साली कोहेन आणि डेहेन यांनी दाखवली, तिथपर्यंत माझं दिसलेलं पोचत नाही. ती जागा जन्मतः वाचनासाठी नसते, वाचायला शिकता शिकता घडते. म्हणून "पुन्हा शिका की" हा सल्ला मला मूर्खपणाचा वाटत नाही. तो देणाऱ्यांवर मी खेकसतो, हे वेगळं.

पहिलं वर्षभर मी बोट वापरायला तयार नव्हतो. गिरवून कळणं हे वाचन नव्हे, असं म्हणायचो. त्या माणसाशी आज मी वाद घालतो: ब्रेल वाचणारा बोटानंच वाचतो, त्याला तू काय म्हणशील? तो म्हणतो, ब्रेल वाचणाऱ्याला ओळ कळते, तुला अक्षर कळतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

एकच उतारा रोज मोठ्यानं पुन्हा पुन्हा वाचायचा सराव सध्या चालू आहे. काहींना त्यानं वेग येतो. माझा त्या उताऱ्यापुरता आला आहे. बायको म्हणते, वाचन सुधारतंय. मी म्हणतो, पाठ होतंय. काल तिनं न सांगता मधला एक शब्द बदलून ठेवला होता आणि मी तो अडखळत का होईना, बदललेलाच वाचला. ती म्हणाली, "आता बोला." मी म्हणालो, एका शब्दावरून काही ठरत नाही.