आमकां नाका, देव बरें करूं

म्हापशात आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, बाजाराला इतका जवळ की शुक्रवारी बाजाराला आलेला माणूस सहज जिना चढून वर येतो. त्यामुळे झाडू, साड्या आणि लोणच्याच्या बरण्यांबरोबर देवधर्मही दारात येतो. ताटात साईबाबांचा फोटो आणि उदी घेऊन फिरणारे, गोशाळेचं पावतीपुस्तक पुढे करणारे, भगव्या कपड्यांत रुद्राक्ष आणि अंगठ्या विकणारे, "नुसतं चाळून तरी बघा" म्हणत ग्रंथ हातात ठेवणारी तरुण मुलं, आणि बायबलमधली वचनं वाचून दाखवणाऱ्या, कडक इस्त्रीच्या कपड्यांतल्या दोघी-दोघी बायका. माझी बँकेत नोकरी, नवऱ्याचं ऑफिस पणजीत. दुपारी घरात सासूबाई एकट्या, आणि सासरे गेल्यापासून तर फारच एकट्या.

गोव्यात दारावरच्या माणसाला नको म्हणणं जड जातं, आणि त्याला कारण आहे. माझं माहेर डिचोलीकडचं. शिगम्यात, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणात, ढोल-ताशांचा मेळ अंगणात आला की नारळ-तांदूळ घेऊन घरातलं मोठं माणूस पुढे व्हायचं, यात विचारण्यासारखं काही नव्हतंच. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आंटीकडे सायबीण, म्हणजे घरोघर फिरणारी मेरीमातेची मूर्ती, येते तेव्हा लदीन, म्हणजे तिची प्रार्थना, होते, उकडलेले चणे वाटतात, आणि आम्ही सगळे तिथे असतो. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्यांत हिंदू भरपूर, कारण शिरगावची लईराई देवी तिची बहीण, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. सासूबाई याच संस्कारातल्या. देवाच्या नावाने आलेल्याला रिकाम्या हाती पाठवायचं नाही. पण मेळ नाचून पुढच्या घरी जातो, सायबीण दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे जाते. तुमचं चुकतंय असं सांगायला यातलं कोणी येत नाही. मला त्रास होता तो सांगायला येणाऱ्यांचा आणि घाबरवायला येणाऱ्यांचा.

सगळ्यात महागात पडला तो आपल्यातलाच. कपाळभर गंध, तोंडात संस्कृत. सासऱ्यांच्या फोटोला हार बघून त्याने थेट पितृदोष काढला. शांतीसाठी सासूबाईंनी पर्समधले एकवीसशे रुपये दिले आणि वर तांदूळ, तूप. मी संध्याकाळी आले तेव्हा त्या पैशांबद्दल बोलतच नव्हत्या, "मुलावर काही येणार नाही ना?" एवढंच विचारत होत्या. रात्री झोप नाही. पैसे गेले ते गेले, पण ती भीती घालवायला मला कितीतरी दिवस लागले.

पोलिसांत जावं का, म्हणून ओळखीच्या वकिलांना विचारलं. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला, तो गोव्याला लागू नाही. पण फसवून पैसे उकळणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली गुन्हा आहेच. अडचण एवढीच की ना पावती, ना नाव, ना फोन नंबर. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली ती माझ्या जास्त कामाची निघाली: एखादा परवानगीने आत आला असला, तरी जा म्हटल्यावर धमकवायला, अपमान करायला किंवा छळायला तिथेच ठाण मांडून बसला, तर तो कलम ३२९ खाली गृह-अतिक्रमणात येऊ शकतो. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये आहे, आणि तो सगळ्या धर्मांना आहे. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आणि ऐकायला मी बांधील आहे असं तर कुठेच लिहिलेलं नाही. म्हणजे त्यांनी बेल वाजवणं हा गुन्हा नाही आणि मी दार न उघडणं हे पाप नाही. इतकं कळल्यावर माझा आवाज चढायचा बंद झाला.

आधी लाकडी दाराबाहेर जाळीचं दार बसवून घेतलं. बोलायचं ते जाळीतूनच. मग एक वाक्य ठरवलं: "आमकां नाका, देव बरें करूं." म्हणजे आम्हाला नको, देव भलं करो. बस. का नको, आमचा देव कोणता, आम्ही किती मानतो, यातलं काही सांगायचं नाही. कारण दिलं की समोरच्याकडे त्याला उत्तर तयार असतं, ते पाठ करूनच आलेले असतात. "वेळ नाही" म्हटलं तर "मग रविवारी येतो". "आम्ही हिंदू आहोत" म्हटलं तर "आम्ही सगळ्यांशीच बोलतो". वाद घालण्यात मजा वाटणारे लोक असतात, माझा दीर त्यातला. तो गंमत म्हणून त्यांना तासभर बसवतो आणि मग पुढच्या महिन्यात ते पुन्हा येतात, आमच्याकडे.

देणगीबद्दलही एक नियम केला. दारात रोख नाही. पावतीपुस्तक घेऊन आलेल्याला संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि बँक खातं विचारायचं. देणगीवर आयकराची सवलत घ्यायची तर दोन हजारांवरची रोख देणगी तशीही चालत नाही, हे आम्हा बँकवाल्यांना पाठ असतं. "खात्यावर भरते" म्हटलं की बरेचजण पुस्तक मिटतात. एका गोशाळेच्या माणसाने मात्र खरोखर छापील पत्रक दिलं, सगळे तपशील बरोबर होते, आणि तिथे आम्ही आजही थोडे पैसे पाठवतो.

बायबलवाल्या बायकांची गोष्ट वेगळी, आणि इथे माझं मन थोडं दुभंगलेलं आहे. त्या कुठल्या पंथाच्या ते लिहीत नाही. आंटी पक्की कॅथलिक, तिलाही त्या नकोच असायच्या. तिनेच सांगितलं की यहोवाचे साक्षीदार म्हणून जे जगभर दारोदार जातात, त्यांच्यात 'आमच्याकडे येऊ नका' असं स्पष्ट सांगणाऱ्या घरांची नोंद ठेवायची पद्धत आहे. "तूं तांकां विचार, तुमचेकडेन अशी वळेरी आसा काय?" वळेरी म्हणजे यादी. मी रजेच्या दिवशी घरी असताना त्या आल्या, तेव्हा विचारलं. त्यातली मोठी बाई जराही न रागावता म्हणाली, "हो, लिहून घेते," आणि वहीत फ्लॅट नंबर लिहिला. नंतर त्या आल्या नाहीत. दिलेला शब्द असा पाळणारा पावतीपुस्तकवाला मला अजून भेटलेला नाही.

पण सासूबाई आठवडाभर घुश्शात. "त्या निदान माझं ऐकायच्या तरी," म्हणाल्या. सासऱ्यांचं आजारपण, शेवटचे दिवस, हॉस्पिटल, सगळं त्या दोघींनी ऐकून घेतलं होतं. आम्ही दोघं घरी येतो ते दमून, मोबाईल हातात घेऊन. मला नको असलेली माणसं त्यांना हवी होती, हे मी धरलंच नव्हतं. म्हणून त्यांना सांगितलं, तुम्हाला बोलवायचं तर बोलवा, ते तुमचं घर आहे, फक्त पैसे आणि सह्या नाहीत. त्यांनी बोलावलं नाही. आता मंगळवारी देवळात बायकांच्या भजनाला जातात आणि दुपारी आंटीकडे टीव्ही बघतात. मालिका मराठी, चहा आंटीचा.

सोसायटीच्या सभेत मी दारोदार येणाऱ्यांसाठी गेटवर मनाईचा बोर्ड लावायचा विषय मांडला तेव्हा खरी गंमत झाली. एकाने लगेच मसुदा सुचवला, त्यात एकाच धर्माच्या प्रचारकांना मनाई. टाळ्याही पडल्या. मी उठून म्हटलं, माझे एकवीसशे रुपये त्या धर्माच्या माणसाने नेलेले नाहीत. मग गंधवाल्याचं सांगितलं, तेव्हा आणखी तीन घरांतून तशाच कहाण्या बाहेर आल्या, एकीकडे तर सोन्याची अंगठी 'शुद्ध' करून द्यायला नेलेली. शेवटी मजकूर ठरला: 'कोणत्याही धर्माच्या वा पंथाच्या प्रचारासाठी, ग्रंथविक्रीसाठी किंवा वर्गणीसाठी पूर्वपरवानगीशिवाय प्रवेश नाही.' ज्यांनी आधी टाळ्या वाजवल्या होत्या त्यातल्या दोघांनी विरोधात हात वर केला. ठराव तरीही झाला. मराठीत आणि कोंकणीत रंगवून बोर्ड गेटवर लागला.

वॉचमन झारखंडचा, शब्दाला शब्द पाळणारा. या शिगम्याला वाड्यावरचा मेळ आला आणि त्याने गेट लावून घेतलं. बाहेर ढोल वाजतायत, आत हा बोर्डाकडे बोट दाखवतोय. सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, "अरे, सोड त्यांना, ते आपले!" त्यावर सभेत हात वर केलेल्यांपैकी एक काका खालून म्हणाले, "वहिनी, नियम सगळ्यांना सारखा, तुमच्या सुनेनेच केलाय." मी खाली धावले, गेट उघडलं, नारळ दिला. दुसऱ्या दिवशी पेंटरला बोलावून बोर्डाखाली 'रहिवाशांनी बोलावलेले पाहुणे, मेळ आणि सायबीण वगळून' अशी ओळ घालून घेतली. रंगाचे पैसे सोसायटीकडून अजून यायचे आहेत.